मागचा अप्पर

५ जुलै २००४, सोमवार

आज चार जणांनी मला पावसात गाडी चालवू नकोस असं सांगितलं. त्यातल्या तिघांना गाडी चालवता येत नाही.

पहिल्या आमच्या घरमालकीण विमलाबाई. जिन्यात उभ्या राहून, छत्री झटकता झटकता त्या म्हणाल्या, "मेश्राम, मुलींनी असल्या गाड्या चालवल्या की मणके सरकतात." दुसरी भाग्यश्री, माझी रूममेट. ती सायकलवरूनसुद्धा पडते. तिसरा कंपनीच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला. त्याने माझी मोटरसायकल बघितली, मग मला बघितलं, मग माझा चष्मा बघितला आणि "मॅडम, बस है ना अपनी" असं अत्यंत प्रेमाने सांगितलं. चौथा अभिनव, आमचा टीम लीड. त्याला गाडी येते, पण चारचाकी. काचा वर करून, गाणी लावून, पाऊस बाहेर ठेवून चालवायची ती. त्याला मी मोजत नाही.

सगळ्यांचं कारण एकच, चष्मा. माझा नंबर उणे साडेसात आहे, दोन्ही डोळ्यांना. चष्मा काढला तर आरशातली बाई कोण ते मला सांगता येत नाही. पण चष्मा लावला की भिंतीवरच्या मुंगीचे पाय दिसतात, हे कुणी लक्षात घेत नाही. चष्मा म्हणजे न दिसण्याची खूण, असंच सगळे धरून चालतात. अरे, दिसावं म्हणूनच लावतात ना तो!

घरी बोलायची सोय नाही. गाडी घेतल्यापासून बाबांनी माझ्याशी फोनवर बोलणं बंद केलंय. वर्ध्याहून आई फोन करते आणि "बाबा म्हणून राहिले" असं म्हणून त्यांचं बोलणं पोचवते. मागे बाबांचा आवाज येतच असतो.

म्हणून ही डायरी.

८ जुलै

गाडी का घेतली ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागणार नाही. आमचा क्लायंट लंडनचा. त्यांचं ऑफिस सुटेपर्यंत इथे रात्र होते. हिंजवडीहून कंपनीची शेवटची बस साडेनऊला निघते. बसच्या मुली काम अर्ध्यावर टाकून पळतात, आणि वर्षाच्या शेवटी त्यांनाच "कमिटमेंट कमी पडते" असं ऐकवलं जातं. मी टेस्टर आहे, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. रात्री दहा वाजता सापडणारा बग मी सकाळसाठी ठेवून जाणार नाही. म्हणून सेकंडहँड, शंभर सीसीची, काळी मोटरसायकल घेतली. स्कूटी का नाही, असं सगळे विचारतात. मला मोटरसायकल आवडते, म्हणून.

आता रस्ता. वाकडच्या पुलापासून बायपासला लागायचं, बाणेर, बावधन, चांदणी चौक, आणि तिथून उतरून कर्वेनगर. बायपासचं काम अजून संपलेलं नाही. दिवे नाहीत, खड्डे आहेत, आणि मुंबई ते बंगळूर जाणारे ट्रक आहेत.

पावसात काय होतं ते सांगते. हेल्मेटची काच खाली घेतली की आत वाफ धरते आणि चष्मा पांढरा होतो. काच वर केली की पाणी थेट चष्म्यावर. समोरून ट्रक आला की त्याच्या दिव्यांना शेवया फुटतात. त्या शेवयांमधून रस्ता शोधायचा. वायपर गाडीला असतो, माणसाला नसतो. डाव्या हाताच्या बोटाने पुसते, पण तोवर उजवी काच भरते.

हे चालायचं नाही. पण याचा अर्थ गाडी सोडायची असा होत नाही. सॉफ्टवेअर बंद पडलं तर आपण कॉम्प्युटर विकत नाही.

१२ जुलै

आज बटाटा.

ऑफिसात प्रत्येकाकडे एक उपाय आहे. साबण, शेव्हिंग क्रीम, थुंकी (हे एकाने खरंच सुचवलं, पोहायचा चष्मा लावतात ते लोक करतात म्हणे) आणि बटाटा. साबण परवा करून झाला. चांदणी चौकाच्या उतारावर त्याचा फेस डोळ्यात गेला आणि मी रडत रडत घरी आले. म्हणून आज अर्धा बटाटा कापून स्वयंपाकघरात चष्म्यावर चोळत होते, तोच विमलाबाई आल्या.

"मेश्राम, आमच्याकडे बटाटा पोटात घालतात."

"पावसात दिसावं म्हणून करतेय, काकू."

"मग पावसात जाऊ नये. बटाटे महाग झालेत."

बटाट्याचा परिणाम कोथरूडपर्यंतसुद्धा टिकला नाही. जाताना, म्हणजे दुपारीच.

१५ जुलै

आता तंबाखू. काल वाकडला एका ट्रकवाल्याला काचेवर तंबाखू चोळताना पाहिलं. त्याचा वायपर मोडला होता. मी विचारलं तर त्याने चिमूटभर मलाही दिली. हेल्मेटच्या काचेवर चोळली आणि कमाल झाली! थेंब धरेनात, पाणी सपाट होऊन सरळ खाली यायला लागलं. बाहेरच्या बाजूचा प्रश्न सुटला म्हणायचा. आतली वाफ तशीच आहे.

नवा प्रश्न घरी. हेल्मेट खोलीत ठेवलं आणि भाग्यश्रीने खिडक्या उघडल्या. आज सकाळी विमलाबाई दारात. "माझ्या घरात मुलींना तंबाखूची परवानगी नाही." मी म्हटलं, मी नाही खात, हेल्मेट खातं. त्या हसल्या नाहीत. खोली देताना आडनाव विचारून त्या क्षणभर गप्प झाल्या होत्या, तेव्हाही हसल्या नव्हत्या. तेव्हा खोली दिलीच शेवटी. हेल्मेटही पचवतील.

२२ जुलै

महत्त्वाचा दिवस. आमच्या मॅनेजर श्यामला मॅडमनी सांगितलं की अभिनव सप्टेंबरात ऑनसाइट जाणार, लंडनला. त्याच्या जागी सप्टेंबरचं रिलीज, म्हणजे नवं सॉफ्टवेअर क्लायंटकडे चालू करून देणं, कोण सांभाळणार ते ऑगस्टमध्ये ठरेल. "सत्यशीला, तुझं नाव आहे माझ्या डोक्यात," असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. रिलीजच्या आठवड्यात रोज अकरा वाजणार. बसने येणाऱ्या कुणाला ते जमणार नाही. आमच्या कॉलेजातून पुण्याला आलेली मी एकटी. तीन वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आता एकदा मला माझ्या नावावर काम हवंय. इतकं काही हवं असणं बरं नाही, पण हवंय.

अभिनवने माझं अभिनंदन केलं. मग म्हणाला, "काल बावधनपाशी जरा हळू घ्यायचं होतंस. किती पाणी होतं तिथे."

म्हटलं, तुला काय माहीत? तू तर औंधला राहतोस.

तर म्हणे त्याची मावशी वारज्याला असते, तिला बरं नसतं, म्हणून हल्ली त्या बाजूला जावं लागतं. चांगला मुलगा आहे. आजकाल मावशीसाठी इतकं कोण करतं?

२७ जुलै

हे कुणाला सांगितलेलं नाही.

आज बाणेरच्या पुढे पाऊस जोरात होता. मागून कुणाच्या तरी दिव्याचा झोत आरशात येऊन डोळ्यांत घुसत होता, म्हणून परवाच दोन्ही आरसे खाली वळवून टाकलेत. तरी माझ्या पुढ्यात रस्त्यावर काळं दिसलं. थेंब नाही, वाफ नाही. काळं. कडेचं गवत लख्ख दिसत होतं, पांढरा पट्टा दिसत होता, आणि नेमकं मधोमध, मला हवं तिथेच, एक काळं. वर गोल बोडकं, खाली रुंद. मी डावीकडे झाले की तेही डावीकडे. त्या काळ्यातच खड्डा होता. पुढचं चाक आत गेलं, हँडल सुटलं आणि पाय टेकला म्हणून वाचले. मागची गाडी कचकन थांबली. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, इतकी घाबरले होते.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं होतं की एवढ्या नंबरात डोळ्याचा पडदा पातळ असतो, डोळ्यापुढे काळं आलं तर धावत या. मी तेव्हा हसले होते.

आज हसू येत नाही. घरी आल्यावर एक एक डोळा झाकून ट्यूबलाइटकडे, कॅलेंडरकडे, भाग्यश्रीच्या तोंडाकडे बघत बसले. काही काळं नाही. भाग्यश्री म्हणाली, "काय गं, लग्नाला पसंत करतेयस का मला?"

३० जुलै

डोळ्यांत थेंब घालून तासभर बसवलं. अजून अक्षरं पसरट दिसतायत, पण लिहिते.

डॉक्टर लक्ष्मी रोडजवळचे, जुने, कमी बोलणारे. दोन्ही पडदे उलटसुलट तपासून म्हणाले, "उत्तम आहेत."

"पण काळं दिसतं."

"कधी?"

"रात्री, पावसात, गाडीवर."

"घरी?"

"नाही."

"मग गाडीचे डोळे तपासा." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आनंद व्हायला हवा. झालाही. पण डोळे चांगले असून दिसत नसेल तर मग दोष कुठे आहे? आपल्या धंद्यात याला म्हणतात, बग आहे पण सापडत नाही. असले बग फार वाईट, कारण लोक म्हणतात की ते टेस्टरच्या डोक्यात आहेत.

आईचा फोन. "बाबा म्हणून राहिले, गाडी इकून टाक." मागून आवाज आला, "एकदा नाही, चारदा म्हटलं म्हनाव." मी म्हटलं, बाबांना सांग, चारदा ऐकलं.

४ ऑगस्ट

निम्मा बग सापडला! सकाळी भाग्यश्री बाहेर पडताना तोंडाला स्कार्फ बांधत होती. पुण्याच्या मुलींची ती पद्धत, नाकावरून घ्यायचा, कानामागून फिरवायचा, डोळे तेवढे उघडे ठेवायचे. पुण्यात आल्यावर पहिल्या महिन्यात मीही शिकले. इथली दिसावी म्हणून शिकले असेन. आता हेल्मेटखालीही तसाच बांधते, हात आपोआप चालतात. भाग्यश्रीने बांधला, "उशीर झाला गं" म्हणाली, आणि तिच्या गॉगलची खालची कड पांढरी झाली.

श्वास! नाकावर फडकं, तर श्वास जाणार कुठे? वर. थेट चष्म्यात.

आज येताना स्कार्फ बॅगेत टाकला. काच बोटभर उघडी ठेवली. वाफ नाही! बाहेर तंबाखू, आत मोकळा श्वास. चष्मा असा स्वच्छ, की बाणेरच्या पुलावर लिहिलेली जाहिरातही वाचली. कुणीतरी वजन कमी करून देणार आहे.

दुसरी बाजू अशी की सिग्नलला लोकांना कळलं की हेल्मेटमध्ये मुलगी आहे. एका बाइकवरच्या दोघांनी वाकून आत पाहिलं. मीही वाकून त्यांच्याकडे पाहिलं. स्वच्छ दिसत होते. एकाच्या दातात कोथिंबीर होती, ती सांगितली. पुढच्या सिग्नलला ते थांबले नाहीत.

१० ऑगस्ट

काळं पुन्हा आलं.

चष्मा स्वच्छ होता, म्हणून आज नीट पाहिलं. काळं माझ्यापासून सुरू होतं आणि पुढे लांब होत जातं. मान वळवली तर मागे एक गाडी होती, अप्पर लावून. अप्पर म्हणजे दिव्याचा वरचा झोत, तो समोर कुणी असलं की खाली घ्यायचा असतो, डिपरवर. त्याला डिपर म्हणतात एवढंसुद्धा काही लोकांना ठाऊक नसतं. मी हळू झाले, पुढे जा म्हणून हात केला. गेली नाही, तीही हळू झाली. चांदणी चौकापर्यंत ती तशीच मागे.

म्हणजे डोळ्यांचा प्रश्न कमी होता म्हणून आता हा एक. कोण आहे माहीत नाही. उद्यापासून जर्किनच्या खिशात पाना ठेवणार. पुढच्या वेळी थांबून तोंड बघणार आहे त्याचं.

१३ ऑगस्ट

पाऊस प्रचंड. रस्ता मात्र एकदम स्पष्ट. काळं नाही, गाडीही नाही. माझा लाइट फालतू आहे, पण जेवढा आहे तेवढ्यात खड्डे मोजता येतात. कुणी तरी घाबरून पळाला असणार, पान्याचा वास लागला असेल.

अभिनव आज सुट्टीवर. त्याला ताप आलाय म्हणे. मावशीचाच लागला असेल.

१८ ऑगस्ट

श्यामला मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, रिलीजचं. रिलीजचंच होतं.

"मी हे दुसऱ्या कुणाला देतेय. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या कामाबद्दल काही नाही."

"मग कशाबद्दल?"

"तुला रात्री पावसात दिसत नाही, असं कळलं. गाडी डळमळते, खड्ड्यात जाते, एकदा पडता पडता वाचलीस. उद्या काही झालं तर मी तुझ्या वडिलांना काय सांगू?"

मी म्हटलं, माझ्या वडिलांना मी सांगते ना. आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं?

त्या नाव घेईनात. "ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय त्याने. काळजीपोटी सांगितलं गं. चिडू नकोस त्याच्यावर."

ज्याने पाहिलंय. त्याच्यावर. बाणेरपुढे मी पडता पडता वाचले, ते बघायला माझ्या मागे फक्त एक गाडी होती. वारज्याची मावशी! इतकी वर्षं लोकांच्या सॉफ्टवेअरमधला सगळ्यात लपलेला बग काढणारी मी, आणि माझ्या मागे दीड महिना चारचाकी फिरत होती ती कुणाची ते मला दिसलं नाही. आरसे खाली वळवले होते ना. शाबास, सत्यशीला.

बाहेर आले. अभिनव त्याच्या जागेवर होता. माझ्याकडे बघून हसला. मी माझ्या जागेवर जाऊन बसले. संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं. म्हटलं, रस्त्यावरच बोलू.

१९ ऑगस्ट, पहाटे

झोप येत नाही, कालचं लिहूनच टाकते.

आरसे सरळ केले आणि निघाले. वाकडला मागे दिवे आले, अप्पर. बाणेर ओलांडलं. तिथे बाजूला पडीक, खड्ड्यांनी भरलेला जुना रस्ता आहे, तिथे आत वळले आणि थांबले. तीही गाडी वळून थांबली. दिवे चालूच.

मी उतरले. पुढ्यात तेच काळं पडलेलं होतं. मी हेल्मेट काढलं, तर काळ्याचं डोकं बारीक झालं. मी हात वर केला. त्यानेही केला.

पावसात उभी राहून मी स्वतःला दोन शिव्या दिल्या. वर्ध्याच्या. माझीच सावली! डोळ्यात थेंब घालून तासभर बसले ती या सावलीसाठी. मागून अप्पर पडला की माझी सावली माझ्याच पुढ्यात, आणि रस्ता तिच्याखाली.

गाडीची काच खाली झाली. "सत्यशीला? काय झालं? पंक्चर?"

"मावशी कशी आहे?"

"कुठली मावशी?" आणि मग त्याचं तोंड पडलं.

"अप्पर का लावतोस?"

"अगं, तुझ्या गाडीचा लाइट किती फालतू आहे! तुला रस्ता दिसावा म्हणून. पाऊस असला की येतो मी मागे. तू पडशील अशी भीती वाटते मला."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे उत्तर माहीत होतं तुला. खाली उतर."

"पाऊस आहे."

"मला सांगतोस?"

उतरला. पांढरा शर्ट, ऑफिसचे बूट. त्याला त्याच्याच गाडीच्या पुढे उभं केलं. म्हटलं, आता सरळ चालत जा, समोर खड्डा आहे, तो चुकव.

"कुठे आहे?"

"तेच विचारतेय. दाखव."

तो वाकून वाकून बघत होता. "मधे सगळं काळं आहे गं, बाजूचं दिसतंय..." असं म्हणत तो सरळ गेला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. एक बूट तिथेच राहिला. मी हसायचं नाही असं ठरवलं होतं. पण हसले.

"ही तुझी सावली," म्हटलं. "रोज माझी पडते. माझे पडदे तपासून आले मी हिच्यापायी. आणि ती बघून तू मॅडमना सांगितलंस की मला दिसत नाही. मला दिसतं, अभिनव. तू मागे नसलास की व्यवस्थित दिसतं."

त्याच्या केसांतून पाणी गळत होतं. मग म्हणाला, "मला खरंच काळजी होती."

"असू दे की. डिपरवर ठेव."

बूट काढायला मात्र मदत केली. कारण खड्डा खोल होता.

२० ऑगस्ट

अभिनव न सांगता माझ्याबरोबर केबिनमध्ये आला. खाली बघत म्हणाला, "मॅडम, मी सांगितलं ते चूक होतं. तिची गाडी डळमळायची कारण मी मागून अप्पर लावत होतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पण तू रोज तिच्या मागे का होतास?"

अभिनवचे कान लाल झाले. बिचाऱ्याला गेल्याच आठवड्यात ताप येऊन गेलाय, वर परवा रात्री भिजला.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "ठीक आहे, दिसतं तुला. पण रात्री अकराला एकटी बायपासने जाणार. याची जबाबदारी कोणी घ्यायची?"

"मॅडम, तुम्ही परवा किती वाजता गेलात?"

"साडेअकरा. पण मला ड्रायव्हर आहे."

"मलाही आहे. मीच आहे." आवाज चढला होता, तो खाली घेतला नाही. "माझा चष्मा जाड आहे म्हणून मला दिसत नाही, मी मुलगी आहे म्हणून मला झेपत नाही, असं ज्याने त्याने ठरवायचं, आणि शेवटी जबाबदारी कुणाची, तर माझी सोडून सगळ्यांची. रिलीज चुकलं तर मला काढा. पण पावसासाठी काढू नका."

मॅडमनी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर पाऊसच होता. मग म्हणाल्या, "मी तुझ्या वयाची असताना लूनावरून यायचे. सासरे गेटपाशी उभे राहायचे, घड्याळ घेऊन." पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "रिलीज तुझं. जा, प्लॅन घेऊन ये."

रात्री आईला फोन केला. बोलताना मध्येच फोन कुणीतरी घेतला. कुणीतरी म्हणजे बाबांनी.

"जय भीम, बाबा."

"जय भीम. लीड झाली म्हने."

"हो."

"गाडी इकली?"

"नाही."

लांबून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग म्हणाले, "टायर बदलून घे मंग. घासले असतीन." आणि फोन आईकडे दिला. मला रडू आलं. भाग्यश्रीने विचारलं, काय झालं, म्हटलं, टायर घासलेत.

६ सप्टेंबर

अभिनव आज निघाला. निरोपाला सगळे होते. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "तिकडून ईमेल केला तर चालेल?"

म्हटलं, चालेल की. काय झालं, कुठे झालं, पुन्हा घडवून कसं दाखवायचं, या क्रमाने लिही. बग रिपोर्ट असतो तसा.

तो हसला, पण नेहमीसारखा नाही. एवढ्या मोठ्या शहरात एकट्याने राहायचं म्हणजे भीती वाटणारच. मी त्याला विमानतळावर वाचायला मासिक दिलं.

९ सप्टेंबर

रिलीज गेलं! अकराच्या आत, सगळं हिरवं, म्हणजे एकही चूक नाही. लंडनहून "ग्रेट जॉब" आलं, आणि खाली माझं नाव. एकट्या माझं. मॅडमनी आईस्क्रीम मागवलं होतं, तेही वितळायच्या आत खाल्लं.

निघाले तेव्हा पाऊस धो धो. नवे टायर, तंबाखू, काच बोटभर उघडी, तोंड उघडं. ट्रक समोरून आले आणि गेले. मला सगळं दिसत होतं. खड्डे, पट्टा, कडेची खडी, एक बेडूक. आरशात अधूनमधून बघत होते, सरळ केलेले आरसे नीट बसलेत की नाही म्हणून. मागे कुणी नव्हतं.

बावधनच्या चढावर पुढे एक स्कूटी लागली. मुलगी होती, तोंडाला स्कार्फ घट्ट गुंडाळलेला, वर चष्मा, गाडी जराशी इकडेतिकडे. तिच्या स्कूटीचा लाइट म्हणजे उदबत्ती. मला एकदम गलबलून आलं. काय दिसत असेल बिचारीला! मी तिच्या मागे गाडी घेतली, जवळ ठेवली, आणि तिला रस्ता दिसावा म्हणून अंगठ्याने बटण वर केलं.

तिने स्कूटी कडेला घेतली, मान वळवली आणि स्कार्फमधून ओरडली, "ओ! लाइट खाली घ्या की! डोळे फुटलेत का?"

अंगठा आपोआप खाली आला. सॉरी म्हणाले, पण ते हेल्मेटच्या आतच राहिलं. तिने आणखी काहीतरी म्हटलं, तेही ऐकण्यासारखं होतं. मग मी डिपरवर तिच्या शेजारून पुढे निघून गेले.